पानी कुठं जाते ते पाय

मागच्या वर्षी जानेवारीत मी एक छोटी डायरी घेतली, खिशात मावेल अशी, आणि ठरवलं की आता गोल्फच्या प्रत्येक राउंडला फक्त पट लिहायचे, म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल होलकडे ढकलायचे फटके. स्कोअर नाही, ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, किती लांब गेला ते नाही, फक्त पट. कुठल्या ग्रीनवर किती लागले, पहिला पट किती पावलांवरून मारला, आणि तो थांबला तेव्हा होलपासून किती लांब होता. पहिल्या रविवारचा आकडा निघाला ४१.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. १८ होलच्या कोर्सचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके, ७२ असला की त्यातले ३६ फटके, म्हणजे बरोब्बर अर्धे, ग्रीनवरचे धरलेले असतात, दर होलला दोन. म्हणजे दोनशे यार्डचा ड्राइव्ह हा एक फटका आणि दोन फुटांवरून बॉल हळूच ढकलला तोही एकच फटका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आमच्या कोर्सवर सकाळी गेलात तर ड्रायव्हिंगची जागा भरलेली आणि पटिंग ग्रीनवर एखादाच माणूस, तोही टी-ऑफला, म्हणजे पहिल्या फटक्याला, पाच मिनिटं आहेत म्हणून वेळ काढत उभा. मी पण दोन वर्षं तेच केलं. माझा भाऊ फौजेतून रिटायर झाला, त्याच्यामुळे मी या खेळात आले, आणि त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की ग्रीनवर वेळ घालव, पण लांब फटका हवेत जाताना बघायचा जो आनंद असतो ना तो सोडवत नाही.

तर डायरी. सहा रविवार लिहिलं, म्हणजे १०८ ग्रीन झाले, आणि त्यात ३७ वेळा मला तीन पट लागले होते. मी तोपर्यंत धरून चालले होते की माझा बॉल रेषेवर जात नाही, माझं एम, म्हणजे नेम, चुकतं, म्हणून यूट्यूबवर एमचेच व्हिडिओ बघून राहिली होती, पटरवर, म्हणजे पट मारायच्या काठीवर, रेघ आखायची, बॉलवर रेघ आखायची. आणि डायरी काही वेगळंच सांगत होती. त्या ३७ पैकी २९ वेळा पहिला पट पाच फुटांपेक्षा जास्त कमी पडला होता नाहीतर तेवढाच पुढे पळाला होता. डावी-उजवीकडची चूक एखाद फुटाची, आणि अंतराची चूक सहा, सात, कधी नऊ फुटांची.

मग बसून हिशोब केला आणि चित्र एकदम साफ झालं. ३० फुटांच्या पटला पटरचं तोंड एक डिग्री वाकडं लागलं तर बॉल होलपाशी जेमतेम सहा इंच बाजूला असतो. पण जोर वीस टक्के कमी पडला तर बॉल सहा फूट अलीकडे थांबतो. सहा इंचांवरून दुसरा पट कुणीही घालेल, सहा फुटांवरून कोण घालणार? टीव्हीवर बघून आपल्याला वाटतं की प्रोफेशनल लोक सगळंच घालतात, कारण कॅमेरा त्या दिवशी ज्याचे पट जाऊन राहिले त्याच्याच मागे असतो. खरं म्हणजे पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल स्पर्धांमधले, खेळाडू सुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, आणि ३३ फुटांच्या आसपास त्यांची सरासरी बरोबर दोन पटांची असते. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी टूरच्या फटक्यांच्या नोंदींवरून हे गणित मांडलं, आणि २०११ पासून टूर ‘स्ट्रोक्स गेन्ड’ नावानं पटिंग त्याच पद्धतीनं मोजते. जगातले सगळ्यात चांगले लोक ३३ फुटांवरून दोन पट धरून चालतात आणि मी तिथून होलमध्ये घालायला निघाले होते, आणि नाही गेला की चिडत होते.

म्हणून पहिलं काम हे केलं की लांबच्या पटला होल विसरायचं. पटिंग ग्रीनवर गेले की होलकडे पट मारायचाच नाही, ग्रीनच्या कडेकडे मारायचा, जिथं छोटं गवत संपून मोठं सुरू होते तिथं बॉल थांबला पाहिजे, कडेच्या पुढं नाही. एकदा दहा पावलांवरून, मग वीस, मग उलट्या बाजूनं. होल समोर असलं की डोकं आपोआप रेषेत अडकते, होल नसलं की फक्त अंतर उरते. दुसरं, तीन-तीन बॉल घेऊन एकाच जागेवरून मारणं बंद केलं. तिसरा बॉल चांगला जातोच, कारण पहिल्या दोघांनी वाट सांगितलेली असते, पण खेळताना तुमच्याकडे पहिलाच बॉल असतो ना. आता एकच बॉल, मारायचा, जिथं थांबला तिथपर्यंत चालत जायचं, तिथून दुसरीकडे मारायचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पट मारला की मान वर करायची नाही, आधी मोठ्यानं सांगायचं, कमी, जास्त किंवा बरोबर, आणि मग बघायचं. पहिले आठ-दहा दिवस माझा अंदाज आणि बॉल यांचा काही संबंध नव्हता. मी म्हणायची जास्त आणि बॉल चार फूट अलीकडे. पण साधारण तीन आठवड्यांनी हातांना कळायला लागलं. कसं ते शब्दात सांगता येत नाही, बॉल पटरला लागतो त्या क्षणीच माहीत असते.

आणि मग आठवलं की हे मला लहानपणी येत होतं. गल्लीत मातीत टाच फिरवून खड्डा करायचो आणि गोट्या खेळायचो, मी, भाऊ आणि शेजारची पोरं. गोटी खड्ड्याजवळ नेऊन थांबवायची असली तर किती जोर लावायचा हे कुणी शिकवलं नव्हतं, बोट किती मागं ओढायचं याचा कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता. खड्ड्याकडे बघायचं आणि गोटी सोडायची. म्हणून आता पट मारायच्या आधी जे दोन रिकामे स्विंग घेते ते बॉलकडे बघून नाही, होलकडे बघून घेते, आणि हात स्वतःच लांबी ठरवतात. अमेरिकेचा मोठा खेळाडू जॉर्डन स्पीथ काही वर्षांपूर्वी छोटे पट तर मारताना सुद्धा होलकडे बघूनच मारायचा, बॉलकडे नाही. मी तेवढं नाही करत, पण त्यामागचं कारण आता पटते.

जोराबद्दल अजून एक. मी आधी लांब पट असला की पटर जोरात हाणायची आणि जवळचा असला की हळू. हे चुकीचं आहे आणि का चुकीचं आहे हे मला घरच्या बंगईवर बसून समजलं. नागपूरबाहेरच्यांसाठी, बंगई म्हणजे झोपाळा. बंगईला थोडा झोका द्या की जरा मोठा, एक फेरी व्हायला वेळ जवळजवळ तेवढाच लागते, लंबकाचा नियम आहे तो, आपण सगळ्यांनी शाळेत शिकलेला. पटर पण तसाच हलला पाहिजे. लांब पटला झोका लांब, छोट्या पटला झोका छोटा, पण ताल तोच. मागे जाताना मनात ‘एक’, पुढे येताना ‘दोन’. तीन फुटांना पण एक-दोन, चाळीस फुटांना पण एक-दोन. हे जमायला लागलं तेव्हा कमी-जास्तची चूक निम्म्यावर आली, डायरीत दिसते.

पण निम्म्यावर आली आणि तिथेच अडकली. एप्रिलपर्यंत ३७-३८ वर येऊन आकडा हलेचना. पटिंग ग्रीनवर सगळं बरोबर आणि कोर्सवर गेलं की काही ग्रीनवर हमखास चूक, नवव्या ग्रीनवर तर दर रविवारी. ते ग्रीन उजवीकडे उतरते असं स्वच्छ दिसते, मागं डाव्या हाताला मातीचा उंचवटा आहे, त्यावर कडुनिंबाची झाडं आहेत, आणि तरी माझा बॉल उजवीकडे वळायचाच नाही, सरळ जायचा नाहीतर हळूच डावीकडे, आणि वर अंतर पण चुकायचं.

हे मी एका संध्याकाळी घरी बोलून राहिली होती आणि बाबा बंगईवर बसून ऐकत होते. बाबा पीडब्ल्यूडीत होते, आयुष्य रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेलं, आता ७९ वर्षांचे आहेत. गोल्फ त्यांना माहीत नाही, त्यांनी फक्त एवढं विचारलं, ‘‘तिथं पाऊस पडला का पानी साचते का?’’ म्हटलं नाही, साचत नाही. ‘‘मंग कुठून तरी जात असंन ना बाहीर. बांधनाऱ्यानं ढाळ दिल्याबिगर पानी जाते का? पानी कुठं जाते ते पाय आधी.’’

पाय म्हणजे पाहा, वऱ्हाडाकडचे आहेत बाबा, अजून तसंच बोलतात.

हे ऐकलं आणि मी खरंच गप्प झाले, कारण एवढी साधी गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओनं सांगितली नव्हती. ग्रीन कुणीतरी बांधलेलं असते. ते सपाट ठेवलं तर आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथं तळं होईल आणि गवत सडेल, म्हणून बांधणारा त्याला ढाळ देणारच, आणि पाणी एका किंवा दोन बाजूंनी बाहेर काढणारच. ती बाजू एकदा सापडली की अख्ख्या ग्रीनचा नकाशा हातात येतो. आजूबाजूची झाडं, उंचवटे, तिरपा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, हे डोळ्यांना फसवतात, पाण्याला फसवू शकत नाहीत. बाबांनी मग गच्चीवर नेलं आणि दाखवलं. आमची गच्ची मला जन्मभर सपाटच वाटत आली आहे. त्यांनी एक बादली पाणी ओतलं आणि ते शांतपणे कोपऱ्यातल्या पाइपकडे निघालं. म्हणाले शंभराला एक, म्हणजे शंभर फुटांत एक फूट, एवढ्या ढाळात पाणी जाते आणि डोळ्याला दिसत नाही. मग म्हणाले चप्पल काढ, डोळे मीट आणि उभी राह्य, कोणत्या पायावर वजन येते सांग. पहिल्यांदा नाही आलं सांगता. पाच-सहा जागांवर उभी राहिले तेव्हा यायला लागलं.

नंतर कळलं की ही तर जगात रीतसर शिकवली जाणारी पद्धत आहे, एमपॉइंट म्हणतात, मार्क स्वीनी नावाच्या माणसानं काढलेली, पायांनी ढाळ ओळखायचा आणि त्याला एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के असा नंबर द्यायचा. बाबांचं ‘शंभराला एक’ म्हणजे त्यांचा एक टक्का. मला फार आनंद झाला हे वाचून, बाबांना पण सांगितलं, ते म्हणाले, ‘‘मंग? रस्ता तिकडं बी तसाच बांधतेत.’’

आता ढाळ आणि अंतर या वेगळ्या गोष्टी नाहीत हे मला तेव्हा समजलं. पाणी कुठं जाते याबरोबर ते किती घाईनं जाते हे पण बघायचं. चढावर पट असला की बॉल लवकर थांबतो, म्हणून वळायला त्याला वेळच मिळत नाही, थोडा सरळ मारला तरी चालते. उतारावर तोच पट हळू सोडावा लागते, बॉल कितीतरी वेळ घरंगळत राहते आणि तेवढा जास्त वळते. आणि बॉल सगळ्यात जास्त वळते ते शेवटी, वेग संपत येतो तेव्हा, म्हणजे होलच्या अलीकडच्या तीन-चार फुटांत. मी आधी बॉलच्या मागं बसून बघायची, पटर डोळ्यासमोर धरून, मोठ्या खेळाडूंसारखं. आता बॉलपाशी कमी वेळ घालवते आणि होलकडे चालत जाते, होलजवळ तळव्यांवर लक्ष देऊन उभी राहते, कारण खरी वळायची जागा तिथं आहे. आणि ग्रीनवर चिप करतानाच, म्हणजे बाहेरून छोट्या फटक्यानं बॉल ग्रीनवर टाकतानाच, जमलं तर बॉल होलच्या खालच्या बाजूला ठेवायचा प्रयत्न करते, वरच्या बाजूला दहा फुटांपेक्षा खालच्या बाजूला पंधरा फूट परवडते.

होलच्या आकाराचं पण असंच आहे. होल ४.२५ इंचाचं, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि बॉल ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी आत जातील आणि तरी जागा उरेल. पण ही रुंदी हळू येणाऱ्या बॉलसाठी. बॉल होलपाशी मरत-मरत आला तर कडेला लागूनही आत पडतो, वेगात आला तर फक्त मधोमधच आत जातो, कडेला लागला की गर्रकन फिरून बाहेर. जितका वेग जास्त तितकं होल लहान. मग अगदीच हळू मारावा का, तर तसंही नाही, कारण होलच्या भोवती लोक उभे राहतात, वाकतात, बॉल काढतात, पावलांनी तिथली जमीन दबते, हळू बॉल तिथं भरकटतो, आणि कमी पडलेला बॉल तर कधीच आत जात नाही. डेव्ह पेल्झ, जे आधी नासात काम करायचे आणि मग पटिंगच्या मागे लागले, त्यांनी मोजून सांगितलं की न गेलेला बॉल होलच्या १७ इंच पुढे थांबेल असा वेग सगळ्यात चांगला. एका वितीला नऊ इंच धरले तर दोन विती जवळजवळ. मी हे दहा फुटांच्या आतल्या पटला पाळते. लांबच्याला नाही, तिथं माझा विचार एवढाच की बॉल होलच्या तीन फुटांच्या गोलात थांबावा.

आता आपल्या नागपूरचं. आपल्याकडे ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असते, ऊन सोसणारं, आणि त्याची पाती आडवी वाढतात, एका दिशेला झुकतात. ज्या दिशेनं झुकली त्या दिशेनं बॉल पळतो, उलट मारला की अडतो. ओळखायचं कसं, तर मखमलीवर हात फिरवून बघा, एका बाजूनं चमकते आणि उलटा फिरवला की काळपट दिसते. ग्रीन पण तसंच. होलकडे बघताना गवत चमकलं तर बॉल पळणार, गडद दिसलं तर जास्त जोर लागणार. आमच्या कॅडीदादानं, म्हणजे बॅग उचलणाऱ्यानं, अजून एक दाखवलं, होलच्या कडेला वाकून बघायचं, एका बाजूची कड स्वच्छ कापलेली असते आणि समोरची थोडी विस्कटलेली, वाळलेली. पाती त्या विस्कटलेल्या बाजूकडे झुकलेली असतात. तेव्हापासून मी प्रत्येक होलमध्ये डोकावते.

शिवाय ऋतू. मे महिन्यात, नवतप्याच्या आसपास, पारा ४५ च्या वर असतो, आम्ही साडेपाचला सुरू करून नऊच्या आत घरी. ग्रीन तेव्हा कोरडं, टणक. पावसाळ्यात तेच गवत इतकं भराभर वाढते की बॉल चिखलात चालल्यासारखा जातो. एकाच पटला मे आणि ऑगस्टमध्ये दीडपट फरक पडते आणि मी वर्षभर एकाच जोरानं मारत होते. हे मोजता येईल का असं वाटलं. ग्रीनचा वेग मोजायचं एक साधन असते, स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसानं १९३५ ची यूएस ओपन स्पर्धा अमेरिकेत ओकमाँटच्या कोर्सवर बघितली, तिथले ग्रीन फारच वेगवान वाटले, म्हणून त्यानं ते काढलं. आता जे वापरतात ते ॲल्युमिनियमची तीन फुटी पट्टी, मधे व्ही आकाराची खाच, वरच्या टोकाकडे बॉल ठेवायला एक खोबण, पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० डिग्रीला बॉल आपोआप सुटतो आणि ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं, मग तसंच उलट्या दिशेनं आणि दोन्हीची सरासरी. मी इतवारीतून ॲल्युमिनियमचा एल-अँगल आणला, तीन फुटांचा, बाबांनी कानशीनं घासून त्यात खोबण केली. खऱ्या स्टिम्पमीटरशी तुलना करायला नाही, आपल्याच ग्रीनची आपल्याच ग्रीनशी करायला. माळीदादांना विचारून पटिंग ग्रीनच्या सपाट भागावर मोजते. ऑगस्टमध्ये साडेपाच फूट आलं, डिसेंबरमध्ये सकाळी दवात सहा, आणि त्याच दिवशी दहा वाजता, ऊन पडल्यावर, साडेसात. एकाच सकाळी दीड फुटाचा फरक! म्हणजे पहिल्या होलला जो जोर बरोबर तो नवव्याला जास्त. राउंडच्या आधी पाच मिनिटं हे केलं की हाताला त्या दिवसाचा वेग कळतो. फक्त राउंड सुरू झाल्यावर, ज्या ग्रीनवर पट मारायचा आहे त्यावर बॉल घरंगळवून बघायला नियमात मनाई आहे, ते लक्षात ठेवा.

दवाचं मात्र मला फार आवडते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ग्रीन पांढरट असते आणि बॉल गेला की मागे गडद रेघ राहते. तुमचा बॉल कुठून वळला, कुठं हळू झाला, सगळं ग्रीनवर लिहिलेलं. पटिंग शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, आणि ती साडेआठपर्यंत पुसली जाते. (ते दव आपल्या रेषेवरून हातानं पुसायचं नाही, पान किंवा काडी उचलता येते, दव नाही.)

छोट्या पटबद्दल थोडक्यात सांगते कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त आहे. तिथं रेषाच महत्त्वाची आणि रेषा बहुतेक करून पटरचं तोंड ठरवते, हात कुठून कुठं गेले ते त्यामानानं कमी. दहा फुटांवर एक डिग्री फिरलं की बॉल दोन इंच बाजूला, आणि होलच्या मध्यापासून कड दोन इंचांहून जरा पुढं, म्हणजे गेला तर गेला. मी बाबांची जुनी लाइनदोरी, गवंडी वापरतात ती, दोन पेन्सिलींना बांधून होलच्या वर ताणते, सपाट जागेवर, आणि दोरीच्या खालून चार फुटांचे पट मारते. दोन टी, बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या, पण रोवते, पटर मधून जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. रोज पंचवीस. आणि मान खाली, बॉल पडल्याचा आवाज डाव्या कानानं ऐकायचा, डोळ्यांनी बघायचं नाही. घरी सतरंजीवर पण होते हे. पटर नवीन घेऊ का असं मैत्रिणी विचारतात, मी म्हणते आधी सहा महिने डायरी लिहा. होलमधला फ्लॅग ठेवावा की काढावा यावर पण आमच्यात वाद चालते, २०१९ पासून ठेवून पट मारला आणि लागला तरी दंड नाही. मी लांबच्या आणि उताराच्या पटला ठेवते, छोट्याला काढते, आतली पूर्ण जागा मोकळी दिसली की मला बरं वाटते.

मी हे सगळं इतक्या जिवावर घेऊन का करते असं नवरा विचारतो. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार होता. सकाळपासून आमच्या घरी टीव्हीवर गोल्फ लागलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक मेडलसाठी खेळत होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, बॅग उचलायला तिची आई, आणि सोबत नेली कोर्डा आणि लिडिया को, ज्यांचे ड्राइव्ह तिच्या कितीतरी पुढं पडायचे. ती मागं पडायची, आणि मग ग्रीनवर येऊन बरोबरी करायची, पटर हातात घेऊन, परत परत. मध्ये वादळानं खेळ थांबला, आम्ही तसेच बसून राहिलो. शेवटच्या होलवर तिचा लांबचा बर्डी पट, म्हणजे गेला असता तर पारपेक्षा एक फटका कमी, होलजवळून गेला. १५ अंडर, म्हणजे पारपेक्षा १५ फटके कमी, चौथी, सिल्व्हर-ब्राँझच्या प्लेऑफपासून एका फटक्यानं लांब. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं, सगळीकडे फटाके, आणि ते बरोबरच होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर तो पटच होता. एवढी लहान चणीची मुलगी जगातल्या लांब मारणाऱ्यांसमोर उभी राहते ती पटरच्या भरवशावर, हे बघून मी भावाला म्हटलं, मला शिकव. माझं वय ४६ होतं तेव्हा.

तर नववं ग्रीन. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी, कोर्स रिकामा होता, बाबांना तिथं नेलं. काठी घेऊन त्यांनी ग्रीनला एक पूर्ण फेरी मारली, आत पाय सुद्धा ठेवला नाही आधी, बाहेरूनच. मग डावीकडच्या कोपऱ्यात उभे राहिले, त्या उंचवट्याच्या पायथ्याशी, आणि काठीनं गवत दाखवलं. तिथलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवंगार होतं, आणि उंचवट्याला वळसा घालून एक उथळ नाली मागच्या नाल्याकडे गेलेली, मला दोन वर्षांत दिसली नव्हती. उंचवटा डावीकडे, म्हणून डोळा म्हणतो उजवीकडे उतार. पाणी जाते डावीकडे, उंचवट्याच्या पायाशी. बाबा म्हणाले हा ढिगारा नंतर टाकलेला दिसते, ग्रीन आधीचं आहे. मग चप्पल काढून आत आले, होलपाशी उभे राहिले आणि डाव्या पायावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी तिथं माझा बॉल अकरा पावलांवर होता. डोळ्यांना वाटत होतं डावीकडे मार, मी एक हात उजवीकडे मारला, चढ असल्यासारखा नाही, हळू, एक-दोन. कॅडीदादा म्हणाला, ‘‘मॅडम, जादा राइट ले लिया.’’ बॉल बराच वेळ सरळ गेला, मग शेवटच्या पाच-सहा फुटांत डावीकडे झुकायला लागला, आणि होलच्या एक वीत पुढे जाऊन थांबला. दोन पट. डायरीत त्या दिवशीचा आकडा ३३ आहे.

तर्री पोहे खायला थांबलो होतो तेव्हा बाबांचा फोन आला, नाहीतर ते स्वतःहून फोन करत नाहीत. स्कोअर नाही विचारला.

‘‘गेलं का तिकडंच?’’

म्हटलं, तिकडंच गेलं, बाबा.